लाल रंगाचे पाठभेद

युद्धखेळासाठी ओतलेली सैनिकाची आकृती साधारण २८ मिलिमीटर उंच असते. साच्यातून निघते तेव्हा ती अंगभर राखाडी असते. कोटाच्या गुंड्या, पट्ट्याचे बक्कल, काडतुसांची पेटी, टोपीवरचा तुरा हे सारे तिच्यावर कोरलेले असते; मात्र गुंड्या पितळी की कथलाच्या, कॉलर पिवळी की पांढरी, कोटाचा लाल नेमका कोणता, हे साचा सांगत नाही. ते रंगविणाऱ्याने ठरवायचे आणि ठरविण्यासाठी वाचायचे. एकोणिसाव्या शतकातील पलटणी रंगवू पाहणारी माणसे नियमपुस्तके, शिंपीकामाचे हिशेब, समकालीन चित्रे, रोजनिशा आणि संग्रहालयांतील कसर लागलेले कोट यांच्या सहवासात जो वेळ घालवितात, तो प्रत्यक्ष रंगकामाच्या वेळेहून पुष्कळदा अधिक भरतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा उद्योग पोरखेळ वाटण्याची शक्यता आम्ही गृहीत धरतो. तथापि एकाच संहितेच्या पाच पोथ्या समोर मांडून ज्याने एखादी ओळ निश्चित करण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला यातील अडचणी अपरिचित वाटणार नाहीत.

खेळाला या अचूकतेची गरज नसते, हे आधीच सांगितले पाहिजे. प्रशियाच्या लष्करात युद्धखेळ रुजविला तो रायस्वित्झ पितापुत्रांनी. पुत्राने त्याचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या खेळात नकाशावर सरकवायचे लाल आणि निळे ठोकळे होते. ठोकळ्याला कॉलर नसते. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिवाणखान्यातील खेळण्याच्या शिपायांसाठी नियम रचले. ते शिपाई दुकानातून जसे आले तसेच लढत. शत्रू कोण आणि आपला कोण एवढे कळले की डाव चालतो. मग मनगटपट्टीच्या रंगासाठी महिनोन्महिने शोध घेण्याचा अतिरेक कोठून आला? आमच्या मते तो खेळातून आलेला नाही. तो प्रतिकृतीच्या वेडातून आला आहे आणि त्या वेडाचा एक मोठा पूर्वज इंग्लंडमध्ये सापडतो.

विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्यास १८३० मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती घडविण्याचे काम मिळाले. त्याने त्या भूमीवरील ला हे सांत या शेतवाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठे होती, समोर शत्रूची कोणती रचना होती, शेतात कोणते पीक उभे होते, असे त्याचे प्रश्न होते. आलेल्या शेकडो उत्तरांतून १८३८ मध्ये लंडनला जी प्रतिकृती प्रदर्शित झाली, तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक चिमुकले सैनिक होते. उत्तरे अर्थातच परस्परांशी जुळत नव्हती. इतिहासलेखक अशा वेळी 'काहींच्या मते' असे लिहून पुढे सरकतो. सायबोर्नला ती सोय नव्हती; सैनिक या बांधावर तरी टोचायचा किंवा त्या बांधावर तरी. प्रशियाचे सैन्य त्या घटकेला किती पुढे आले होते, हा प्रश्न तर राजकीय होता. विजयाचे श्रेय वेलिंग्टनचे किती आणि ब्लूखरचे किती हे त्यावर अवलंबून होते. वेलिंग्टनच्या गोटातून आक्षेप आले आणि अखेर सायबोर्नने हजारो प्रशियन आकृत्या प्रतिकृतीवरून उचलल्या. गद्यात एखादे विधान सौम्य करता येते, तळटीप जोडता येते. प्रतिकृतीच्या भाषेत 'बहुधा' हे अव्यय नाही.

कुंचल्याची अडचण हीच आहे.

गणवेशाच्या बाबतीत पहिला साक्षीदार म्हणजे नियम. फ्रेंच सैन्यासाठी मेजर बार्दां यांनी तयार केलेले १८१२ चे नियम प्रसिद्ध आहेत. त्यांना कार्ल व्हेर्ने यांच्या सुंदर चित्रांची जोड आहे. लांब शेपटांचा जुना कोट जाऊन आखूड कोट आला तो या नियमांनी. परंतु नियम म्हणजे सरकारची इच्छा. ती इच्छा कापडात उतरेपर्यंत रशियाची मोहीम झाली होती, सैन्य बर्फात संपले होते आणि नव्या भरतीच्या अंगावर जे मिळेल ते चढत होते. १८१५ मध्ये तर सम्राटाच्या खास रक्षकदलातही काहींच्या डोक्यावर अस्वलाच्या केसांची टोपी, काहींच्या डोक्यावर शाको आणि अंगावर निळे ओव्हरकोट असा संमिश्र प्रकार होता. पुढच्या चित्रकारांनी मात्र त्यांना एकसारख्या पूर्ण पोशाखात मरू दिले.

दुसरा साक्षीदार म्हणजे डोळ्यांनी पाहून काढलेले चित्र. हॅम्बर्ग शहरावर फ्रेंचांचा अंमल असताना तेथील झूर बंधूंनी रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायांची चित्रे काढून ठेवली. त्यांत ढगळ विजारी आहेत, वाकड्या टोप्या आहेत, पाठीवर लटकणारे पाव आहेत. नियमाशी न जुळणारा प्रत्येक तपशील या चित्रांचे मोल वाढवितो. नकल करणाऱ्याला न सुचणारा कठीण पाठच मूळचा असण्याचा संभव अधिक, हे पाठचिकित्सेतील तत्त्व येथेही लागू पडते.

तिसरा साक्षीदार सर्वांत बोलका आणि सर्वांत कमी विश्वासाचा: नंतरच्या काळातील संकलनचित्रे. जर्मनीत रिचर्ड क्नोटेल याने १८९० पासून गणवेशांच्या चित्रपट्ट्यांची प्रचंड मालिका काढली. त्याचे परिश्रम वादातीत आहेत. परंतु त्याच्या पट्टीवरून दुसऱ्याने चित्र काढले, त्यावरून तिसऱ्याने पुस्तक केले, पुस्तकावरून रंगाच्या बाटल्या विकणाऱ्याने मार्गदर्शिका छापली. नवख्या रंगविणाऱ्याला वाटते की आपल्यापाशी चार पुरावे आहेत. त्याच्यापाशी असतो तो एकच, चार वेळा उतरवून घेतलेला. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकरांनी पोथ्या मोजण्याऐवजी त्यांची कुळे लावली. गणवेशाच्या चित्रांचीही तशी कुळे लावावी लागतात. एखाद्या पलटणीच्या तुऱ्याचा चुकीचा रंग चार पुस्तकांत सारखाच आढळला, तर ती पुस्तके एका घरची असे समजावे.

रंगाचे नाव मिळाले म्हणजे रंग मिळाला असेही नाही. इंग्रजांचे हलके घोडदळ भारतात निळ्याऐवजी 'फ्रेंच ग्रे' रंगाचे कोट घाली. हा रंग राखाडी की निळा, यावर वाद घालण्यात आमच्या परिचयाच्या माणसांनी वर्षे घालविली आहेत. आजच्या बाटल्यांत या नावाखाली एकीकडे पारव्याची पाठ, तर दुसरीकडे फिकट आकाश मिळते. आणि लाल? इंग्रज सैनिकाचा लाल कोट हा वाक्प्रचारासारखा रूढ झालेला आहे, परंतु तो एक रंग नव्हता. साध्या शिपायाचे कापड मॅडर नावाच्या मुळीने रंगवीत. आपल्याकडची मंजिष्ठा याच कुळातली. त्यातून विटेकडे झुकणारा मंद लाल निघे. अधिकाऱ्यांचे उंची कापड कोचिनील किड्यांच्या रंगातले, झळझळीत. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन माणसांतील वर्गभेद त्यांच्या लालातच दिसे. शिवाय शिपायाला नवा कोट वर्षातून एकदा. तोवर ऊन आणि पाऊस त्याला विटकरी, गुलाबी, तपकिरी करून सोडीत. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले अ‍ॅलिझरिन आले ते १८६८-६९ नंतर. बाटलीतला आजचा टवटवीत लाल या कोटांवर लावणे म्हणजे ज्ञानेश्वरीच्या ओवीत 'प्रक्रिया' आणि 'धोरण' घालण्यासारखे आहे.

निळ्याची कथा याहून लांबवर पोचते. १८०६ मध्ये फ्रान्सने आपल्या काही पायदळ पलटणींना निळ्याऐवजी पांढरे कोट देण्याचे ठरविले, कारण समुद्रमार्ग इंग्रजांच्या हाती असल्यामुळे नीळ मिळेना. पुढच्याच वर्षी तो बेत सोडून द्यावा लागला. पोलंडच्या बर्फात लढणाऱ्या फ्रेंच पलटणीला पांढरा रंग द्यायचा की निळा, हा प्रश्न अशा रीतीने नीळ पिकविणाऱ्या दूरदेशीच्या शेतांपर्यंत जाऊन भिडतो. हे सांगितल्याशिवाय आमच्याने राहवले नाही. असो.

आता आमच्या मेजावरच्या लढाईकडे वळू. ती युरोपातील नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असई गावापाशी ती झाली. एका बाजूला मेजर जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचे सैन्य, ज्यात पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखालील कवायती पलटणी आणि बेगम समरूच्या पलटणी होत्या. वेलस्लीच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या.

इंग्रजांकडील ७४वी हायलंड रेजिमेंट रंगवायला घ्यावी तर माहितीचा पूर लोटतो. कॉलर आणि मनगटपट्टी पांढरी. स्कॉटिश असूनही भारतातील हवेमुळे किल्ट बाजूला ठेवलेला, म्हणून किल्ट घातलेल्या आकृत्या बाद. असईच्या रणात तिचे जवळजवळ सारे अधिकारी पडले वा जखमी झाले. जो एक धड राहिला त्याचे नावही नोंदलेले आहे, क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट. रेजिमेंटला पुढे हत्तीचे चिन्ह आणि सन्मानाचे निशाण मिळाले. त्याच सैन्यातील मद्रासी शिपायांची माहितीही पुष्कळ मिळते: लाल कोट, खाली पांढरी जांघ्या, तिच्या काठाला निळी नागमोड, पाय उघडे, डोक्यावर साच्यावर बांधलेले पागोटे. मात्र शिपायांची नावे मिळत नाहीत.

त्या पागोट्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. असईनंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८०६ मध्ये, मद्रासच्या सेनापतीने, सर जॉन क्रॅडॉक याने, शिपायांसाठी नवे शिरोभूषण आणले. ते टोपीसारखे दिसे, त्यावर कातड्याचे फूल होते आणि जोडीला कपाळावरचे गंध पुसण्याचा, मिशा-दाढी ठरावीक नमुन्याने राखण्याचा हुकूम होता. मे महिन्यात वेलोरच्या किल्ल्यातील शिपायांनी ते डोक्यावर घेण्यास नकार दिला आणि त्यांना फटक्यांच्या शिक्षा झाल्या. १० जुलैला पहाटे उठाव झाला. शंभराहून अधिक गोरे सैनिक मारले गेले. उठाव मोडायला अर्काटहून जे घोडदळ धावत आले, ते असईत लढलेले १९वे लाइट ड्रॅगून्स. शेकडो शिपाई त्या दिवशी मारले गेले. वेलोरला टिपूचे पुत्र कैदेत होते, असंतोषाची अन्य कारणेही होती, हे खरे. तरी ठिणगी पडली ती त्या टोपीवर. नंतर हुकूम मागे घेतले गेले, क्रॅडॉक आणि गव्हर्नर बेंटिंक यांना परत बोलाविण्यात आले. चार मिलिमीटरच्या डोक्यावर काय रंगवावे हा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वेलोरचा विचार करावा.

शिंद्यांच्या बाजूला आलो की आवाज एकदम मंदावतो. द बॉयन् या सॅव्हॉयच्या सरदाराने महादजींसाठी ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांची कवायत आणि पेहराव कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवर होता, असे समकालीन युरोपियनांच्या लेखनातून दिसते. नजीब पलटणींचा पोशाख देशी होता. पण चित्रकार गेले दरबारात. पुण्यात जेम्स वेल्स याने सवाई माधवरावांचे आणि नाना फडणिसांचे चित्र काढले, शालूची जर आणि मोत्यांचे तुरे त्याने निगुतीने रंगविले; कवायती शिपायाला समोर बसवून कोणी चित्र काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. विजयी बाजूची इंग्रज चित्रे नंतर लंडनमध्ये छापली गेली. त्यांत शिंद्यांचे सैन्य म्हणजे पागोटी, भाले आणि धूर.

चित्र गप्प राहते तेथे भाषा थोडे बोलते. या पायदळाला मराठीत तिलंगे म्हणत, कारण कंपनीचे पहिले शिपाई तेलुगू मुलखातले. पुढे हिंदुस्थानातून भरती झालेला माणूसही त्या पोशाखात शिरला की तिलंगाच. गारदी हा शब्द फ्रेंच 'गार्द'शी जोडला जातो. १७७३ च्या शनिवारवाड्यातील खुनाने तो मराठी मनात इतका काळवंडला की त्याचा पोशाख कोणाला आठवू नये. कंपू म्हणजे या पलटणींची तुकडी. साहित्यव्यवहारात वावरणाऱ्यांना हा शब्द चांगलाच परिचित आहे. तो एके काळी तोफांसह चालत असे, एवढेच ध्यानात आणून द्यावयाचे. आणि कापड? बनात आणि सकलाद. विलायती लोकरी कापडाची ही दोन नावे. 'स्कार्लेट' हा इंग्रजी शब्दही मुळात रंगाचा नसून उंची कापडाचा, आणि काही व्युत्पत्तिकार त्याचे नाते सकलादच्याच फारसी-अरबी कुळाशी लावतात. म्हणजे असईच्या रणात समोरासमोर उभ्या ठाकलेल्या रांगांतील लाल हा व्यापाराने, कदाचित शब्दानेही, एका घरचा होता.

आता निर्णय. एक मार्ग असा सुचविला जातो की जेथे पुरावा विरळ तेथे विविधता रंगवावी: एकाचे पागोटे निळे, दुसऱ्याचे तपकिरी, तिसऱ्याचा कोट वेगळा. हे प्रामाणिक वाटते, आणि बऱ्याच ठिकाणी शिंद्यांचे पायदळ असेच रंगविलेले दिसते. आम्हांस हा मार्ग मान्य नाही. आपल्या अज्ञानाचा रंग त्या शिपायाच्या अंगावर फासला की तो पाहणाऱ्याला अज्ञान म्हणून दिसत नाही; तो बेशिस्त म्हणून दिसतो. 'देशी सैन्य म्हणजे गबाळी गर्दी' हे वसाहतकाळातील चित्र त्यातून आपोआप पुन्हा उभे राहते. ज्या रांगांनी ७४व्या रेजिमेंटचे अधिकारी जवळजवळ संपविले, त्या गबाळ्या नव्हत्या. त्यांच्या तोफांच्या माऱ्याची वेलस्लीलाही दखल घ्यावी लागली. उलट ७४वीची माहिती भरपूर म्हणून तिला नियमबरहुकूम, कडक, नवीकोरी रंगविण्याची प्रथा आहे. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन, भर पावसाळ्यात दख्खनची काळी माती तुडवीत ती असईला पोचली होती. तिचे कोट कोरे असणे अशक्य. कागदांचे दफ्तर मोठे असलेल्या सैन्याला कुंचला नकळत स्वच्छ करतो आणि दफ्तर नसलेल्याला मळवितो.

म्हणून आम्ही उलट केले. ७४वीच्या कोटांना लालाच्या तीन छटा दिल्या: सार्जंट उजळ, बहुतेक शिपाई विटकरी, काही खांद्यांवर गुलाबीकडे उतरलेले. विजारींना गुडघ्यापर्यंत चिखल, दोन-तीन ठिकाणी वेगळ्या कापडाचे ठिगळ. पांढरी मनगटपट्टी पांढऱ्या रंगाने रंगविली नाही. इतक्या लहान वस्तूवर शुद्ध पांढरा खडूसारखा दिसतो, म्हणून फिकट राखाडीवर केवळ कडेला पांढरी रेघ. पोलमनच्या पलटणींना मात्र एकच लाल, एकाच बाटलीतला, आणि एकाच गडद निळ्या रंगाची पागोटी. पागोट्यांचा निळा हा आमचा निर्णय आहे. तो लपविण्याचे कारण नव्हते, म्हणून प्रत्येक पट्टीच्या तळाला बारीक अक्षरांत लिहून ठेवले: कोट, समकालीन उल्लेखांवरून, पागोटे, अनुमान. ७४वीच्या तळालाही चिठ्ठी आहे: मनगटपट्टी, नियमानुसार, मळ, अनुमान.

बेगम समरूच्या पलटणी अजून राखाडीच आहेत. तिच्या दरबाराची चित्रे उपलब्ध आहेत, त्यांत पदरचे शिपाईही दिसतात. पण ती असईनंतर पंधरा-वीस वर्षांनी काढलेली आहेत, आणि तेवढ्या काळात कोटाचा काट बदलतो.